अ‍ॅक्रिलिकचे हस्तनिर्मित दागिने : मोड नसलेल्या डागाची (म्हणजे दागिन्याची) किंमत कशी ठरवावी?

मलप्रभा (खानापूर)

नमस्कार मंडळी.

आपल्या सीमाभागात दागिना म्हटला की पहिला प्रश्न वजनाचा आणि दुसरा मोडीचा असतो. किती ग्रॅमचा आहे, घडणावळ किती धरली, उद्या अडीनडीला सराफाकडे नेला तर घट किती जाईल, या हिशेबात आपल्या आज्या आणि आया वाढल्या. त्यात गैर काहीच नव्हते, कारण शेतकऱ्याच्या किंवा विणकराच्या घरात बाईच्या अंगावरचे सोने हीच तिची खरी ठेव असे. मी जे दागिने करते त्यांना मात्र मोडच नाही. ते अ‍ॅक्रिलिकचे असतात. प्रदर्शनात माझ्या टेबलापाशी आलेली गिऱ्हाईक बाई हार हातात घेते, उजेडाकडे धरते, मनापासून कौतुक करते, किंमत ऐकते आणि हार जागच्या जागी ठेवत म्हणते, "एवढे पैसे, आणि ते प्लास्टिकला?"

प्रश्न रास्त आहे, म्हणूनच त्याचे उत्तर चिडून देण्यात अर्थ नाही. अ‍ॅक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, हे प्लास्टिकच आहे. जर्मनीत ओट्टो र्‍योम यांच्या कंपनीने 1933 मध्ये त्याला 'प्लेक्सिग्लास' हे नाव नोंदवून घेतले. त्याच दशकात इंग्लंडमध्ये ते 'पर्स्पेक्स' आणि अमेरिकेत 'ल्युसाइट' म्हणून बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक आवरण याच मालाचे असे. 1940 च्या दशकात अमेरिकेतील ट्रिफारी या नकली दागिन्यांच्या कंपनीने पशुपक्ष्यांच्या आकाराचे जे ब्रोच काढले, त्यांत पोटाच्या जागी ल्युसाइटचा घुमटदार पारदर्शक तुकडा बसवलेला असे आणि आज जुन्या वस्तूंचे संग्राहक ते शोधत फिरतात. पुढे 1970 च्या सुमारास क्लाउस ब्युरी या जर्मन सुवर्णकाराने अस्सल सोन्याच्या शेजारी रंगीत अ‍ॅक्रिलिक बसवले आणि तेही सोन्याच्या मानाने. लिव्हरपूलचे पीटर चँग 2017 मध्ये निवर्तले. त्यांनी तर टाकाऊ प्लास्टिकपासून अशी भरघोस, चित्रविचित्र कांकणे घडवली की ती मनगटात घालायची की दिवाणखान्यात मांडायची असा प्रश्न पडावा. तेव्हा या मालाला कलेच्या दारात प्रवेश मिळून अर्धशतक उलटले आहे. आपल्याकडे तो अजून बोर्ड रंगवणाऱ्याच्या दुकानातच अडकलेला आहे, एवढेच.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या डागात मालाची किंमत नगण्य असते त्याची सगळी किंमत घाटात आणि हातात असते. म्हणून तो सोन्याच्या डागापेक्षा अधिक कडक नजरेने पारखला पाहिजे. सोन्याच्या बांगडीची घडण फसली तरी सोने उरते. अ‍ॅक्रिलिकच्या बांगडीची घडण फसली तर हातात कचरा उरतो. मग ही पारख कशाच्या आधारे करावी, आणि तिच्यावरून किंमत कशी ठरवावी? इथे सराफ आहेत, भरतकाम करणाऱ्या आहेत, यंत्रावर काम करणारे आहेत, आणि मुख्य म्हणजे दागिने वापरणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. सर्वांनी मोकळेपणाने लिहावे.

निपाणीकर

ताई, तुमचे लेखन आवडले, पण पटले नाही. निपाणीहून हुपरी हाकेच्या अंतरावर आहे. तिथे घराघरात चांदीचे काम चालते, पैंजणापासून छल्ल्यापर्यंत सगळे मिळते, आणि चांदी मोडीत घातली तर चार पैसे परत येतात. ज्या पैशात चांदीचा एखादा नीटस डाग येतो, त्या पैशात मी प्लास्टिक का घ्यावे? तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईला हा सल्ला मी तरी देणार नाही.

दुसरा मुद्दा पर्यावरणाचा. वेदगंगेच्या काठावर पूर ओसरल्यानंतर झुडपांना काय काय लटकलेले असते ते आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. त्यात आणखी एका हौसेची भर कशाला? आणि तिसरे म्हणजे, हे दागिने लेझर यंत्रावर कापले जातात असे मी ऐकले आहे. यंत्राने कापलेल्या वस्तूला 'हस्तनिर्मित' म्हणणे ही मला थोडी चलाखी वाटते. स्पष्ट लिहिल्याबद्दल राग नसावा.

उद्यमबागचा कारागीर

निपाणीकरांच्या तिसऱ्या मुद्द्याला मी उत्तर देतो, कारण आमच्या शेडमध्ये रोज हेच काम चालते. दुकानांच्या पाट्या, नेमप्लेट, स्पर्धांच्या ट्रॉफ्या, गणपतीच्या दिवसांत मखराची नक्षी, आणि मधूनमधून असे दागिने करणाऱ्या मुलींची कामे.

लेझर काय करतो आणि काय करत नाही, हे समजून घेतले पाहिजे. कार्बन डायऑक्साइडच्या नळीतून निघणारा अदृश्य किरण संगणकावरच्या रेषेवरून फिरतो आणि त्या रेषेतला माल वाफ करून उडवून देतो. रेषेची रुंदी मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा असते. रेखाटन वाईट असेल तर तो वाईट आकार अतिशय अचूक कापून देतो, त्याला त्याचे सोयरसुतक नसते. अ‍ॅक्रिलिकच्या एका रंगाच्या पत्र्यात दुसऱ्या रंगाचा तुकडा कोंदणासारखा घट्ट बसवायचा असेल, तर जळून गेलेली ती बारीक जागा हिशेबात धरून तुकडा तेवढा मोठा काढावा लागतो. नाहीतर तो खुळखुळत राहतो. हे गणित रेखाटणाऱ्याने करायचे असते.

माल ओळखणे हाही यातला मोठा भाग आहे. बाजारात दोन तऱ्हेचे पत्रे मिळतात. काचेच्या दोन तावदानांमध्ये ओतून घट्ट केलेला तो 'कास्ट', आणि यंत्रातून दाबून सलग काढलेला तो 'एक्स्ट्रुडेड'. कास्ट पत्र्यावर लेझरने कोरले की रेघ दुधासारखी पांढरी उमटते. एक्स्ट्रुडेडवर ती फिकी आणि चिकट येते. दुसरा पत्रा स्वस्त पडतो, जाडीला एकसारखाही असतो, पण त्याच्या अंगात ताण राहून गेलेला असतो आणि पुढे तो बारीक भेगांच्या रूपाने बाहेर पडतो. दागिन्याला कास्टच घ्यावा. त्यातही 3 मिलिमीटरचा म्हणून आणलेला पत्रा मोजला की पावणेतीन भरतो, हे नेहमीचेच. म्हणून कोंदणकाम करण्यापूर्वी प्रत्येक पत्रा व्हर्नियरने मोजल्याशिवाय आम्ही यंत्राला हात लावत नाही. कोणी पीव्हीसीचा तुकडा 'हाही कापून द्या' म्हणून आणला तर मात्र सरळ परत पाठवतो, कारण तो जळताना क्लोरीनयुक्त आम्लाची वाफ सुटते. ती फुप्फुसांनाही वाईट आणि यंत्रालाही.

कापणे हे काही मिनिटांचे काम आहे. त्यानंतरचे तासन् तास आमच्या शेडमध्ये जात नाहीत, ते या मुलींच्या घरी जातात. तेव्हा 'हस्तनिर्मित' या शब्दाला माझी हरकत नाही. पण कापलेला तुकडा तसाच कडीत अडकवून विकणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबाबतीत निपाणीकरांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे.

मलप्रभा (खानापूर)

निपाणीकर काका, राग कसला? तुमच्यासारखे विचारणारे असले की काम सुधारते. तुमच्या पहिल्या मुद्द्यावर मी वाद घालणारच नाही. ज्या घरात दागिना ही बचत आहे त्या घराने सोने-चांदीच घ्यावी. मी स्वतः माझ्या भाचीच्या लग्नात तेच दिले. माझा दागिना बचतीच्या खात्यातून घ्यायचा नाही. इरकल साडी जशी मोडीत घालता येईल म्हणून कोणी घेत नाही, तसाच तो घ्यायचा.

हाताचे काम नेमके कुठे असते ते एका हाराच्या निमित्ताने सांगते. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आपण सर्वांनी पाहिली आहे. 1204 मध्ये रट्ट राजघराण्याच्या काळात बांधलेल्या या जैन मंदिराच्या मंडपात मान वर केली की छतातून खाली उमललेले दगडी कमळ दिसते. पाकळ्यांचे थर एकात एक असे उतरत आलेले आहेत आणि उजेड खालून लागत असल्यामुळे आतल्या थरांत सावली साठून राहते. मला त्या कमळाची नक्कल करायची नव्हती. ती साठलेली सावली हवी होती. म्हणून पदकासाठी धुरकट करड्या रंगाचा 2 मिलिमीटरचा पारदर्शक पत्रा निवडला. एका थराला तो जेमतेम करडा दिसतो, दोन थरांना गडद, आणि तिसरा थर आला की जवळजवळ काळा. सावली अशी मालातूनच मिळाली, रंग लावावा लागला नाही.

पाकळ्या यंत्रावर सपाट कापून येतात. त्यांना बाक देण्यासाठी त्या भट्टीत साधारण 160 अंश सेल्सिअसला तापवाव्या लागतात. त्या तापमानाला पाकळी ओल्या चामड्यासारखी लवते. सुती हातमोजा घालून ती शिसवी साच्यावर ठेवायची आणि बोटाने दाबून धरायची. हातात वेळ काही सेकंदांचाच असतो. दाब कमी पडला तर टोक उघडे राहते, जास्त पडला तर मोज्याच्या विणीचा ठसा पाकळीवर कायमचा उठतो. बरे एवढेच की या मालाला आपला मूळ आकार आठवतो. बिघडलेली पाकळी पुन्हा तापवली की सपाट होते आणि एक संधी आणखी मिळते. ठसा मात्र जाईलच असे नाही. त्यानंतर कडा. 400 नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करून 1200 पर्यंत चढत जायचे, सगळे पाण्याखाली, म्हणजे धूळ नाकात जात नाही. मग कापडी चाकावर बफ, म्हणजे घासून चकाकी. लेझरने कापलेली कड तशीही चकचकीत असते, तरीही मी ती घासते, कारण तिच्या दोन्ही कोपऱ्यांना अशी धार राहते की ती गळ्याला टोचते आणि साडीच्या पदराचा धागा ओढते.

पर्यावरणाच्या मुद्द्यावर मला पळवाट काढायची नाही. हा माल मातीत कुजत नाही. मी शक्यतो पाटीवाल्यांकडची उरलेली कात्रणे वापरते, आणि वस्तू टिकाऊ करणे हाच माझ्या हातातला उपाय मानते. खानापूरच्या पावसात पॉलिश दिलेला नकली दागिना एका श्रावणात हिरवा पडतो. अ‍ॅक्रिलिकवर ओलाव्याचा काही परिणाम दिसत नाही.

शहापूरचा जुना सराफ

धागा वाचून आनंद झाला. आमच्या पिढीला हे काम परके आहे, पण घाट आणि जोड यांचे नियम धातू बदलला म्हणून बदलत नाहीत, असे मला वाटते.

प्रथम वजनाचा मुद्दा, कारण याच ठिकाणी या मालाचा खरा गुण आहे. पाच सेंटिमीटर लांब, तीन रुंद आणि तीन मिलिमीटर जाड असा सरळ पत्र्याचा डूल अ‍ॅक्रिलिकमध्ये सव्वापाच-साडेपाच ग्रॅमचा होईल. पितळेत तोच 38 ग्रॅमच्या आसपास जाईल, आणि बावीस कॅरट सोन्यात 80 ग्रॅमचा. तो कानाला पेलणार तरी कसा? भरगच्च डागासाठी आम्ही पूर्वापार सोने पोकळ करून आत लाख भरत आलो, वरून वेलाचा आधार देत आलो. इथे ती सगळी यातायात वाचते. तेव्हा अ‍ॅक्रिलिकमध्ये काम करणाऱ्याने सोन्यात जे शक्यच नाही ते करावे. मोठा आकार करावा, आरपार दिसणारा करावा. अ‍ॅक्रिलिकची ठुशी आणि अ‍ॅक्रिलिकचा कोल्हापुरी साज मी बाजारात पाहिला आहे. साजातली एकवीस पाने सोनेरी आरशाच्या पत्र्यातून कापून काढली होती. त्याला मी दागिना म्हणणार नाही, ते सोंग आहे. जो माल स्वतःच्या रूपाने समोर येतो त्याचा मान राहतो.

आता जोडाकडे या. माझ्याकडे असे डाग दुरुस्तीला येतात ते बहुतेक कडीच्या भोकापाशी तुटलेले असतात. भोक काठाच्या फार जवळ पाडलेले असते. भोकापासून काठापर्यंत पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट तरी माल शिल्लक ठेवावा. कडी झाळलेली असावी, नुसती वाकवून मिटवलेली नको, कारण उघड्या कडीची फट हळूहळू भोकाची कड खात जाते. कानात जाणारी दांडी 92.5 टक्क्यांच्या चांदीची घ्यावी. निकेलमिश्रित स्वस्त दांडीने अनेकींचे कान चिघळतात. आणि हार असेल तर तो पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून घेण्याचा विचार करावा. आपल्याकडे गाठवणारे हात आता थोडे उरले आहेत. तुमच्या करड्या कमळाला काळ्या रेशमाचा गोंडा फार शोभेल, आणि धातूच्या साखळीने होणारी घासणीही टळेल.

पारख करायची तर डाग उलटा करून पाहावा, असे आम्ही मुलांना शिकवत असू. समोरून सगळेच नटवतात.

कसुती (टिळकवाडी, मूळ धारवाड)

सराफकाकांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहिते आहे. कसुतीत, म्हणजे आमच्या धारवाडकडच्या भरतकामात, आम्हालाही नेमके हेच शिकवले जाते. गवंती आणि मुरगी हे दोन टाके असे आहेत की कापडाची सुलट बाजू कुठली आणि उलट कुठली ते ओळखू येऊ नये. गाठ मारायची नाही, कापडावर आधी छापायचे नाही, धागे मोजत जायचे, आणि जाताना सोडलेली जागा परत येताना भरायची. गोपूर असो, तुळशीवृंदावन असो किंवा रथ असो, सगळी रचना त्या मोजणीतून उभी राहते.

पारदर्शक अ‍ॅक्रिलिकला तर उलट बाजू लपवायची सोयच नाही. समोरून दिसते तेच मागूनही दिसते, शिवाय मधला थरही दिसतो. तरीही बहुतेक जण पाठीमागे गोंदाचा थेंब सोडतात, स्टिकर लावतात किंवा आरशाचा पत्रा घेऊन पाठ झाकतात. माझ्या एका मैत्रिणीने गोपुराची कसुती स्वच्छ पत्र्यावर दोन्ही अंगांनी कोरली. अर्ध्या रेघा पुढच्या बाजूला, उरलेल्या मागच्या बाजूला. डोळ्यांसमोर सरळ धरला तर पूर्ण गोपूर दिसते. मान थोडी वळवली की पत्र्याच्या जाडीएवढ्या अंतराने रेघा एकमेकींपासून सरकतात आणि गोपूर विस्कटते. घालणारी चालू लागली की ते जुळते, फुटते, पुन्हा जुळते. कापडावर मला हे कधीही करता येणार नाही. अंगावर घालायची कला हा शब्दप्रयोग मला एरवी जरा फुगीर वाटतो, पण इथे तो शोभला, कारण ही गंमत भिंतीवर टांगून दिसली नसती. त्यासाठी अंगच हवे.

याउलट, खणाचा तुकडा दोन पत्र्यांच्या मध्ये दाबून 'पारंपरिक टच' म्हणून विकतात ते मला अजिबात आवडत नाही. गुळेदगुड्डचा खण हाताला लागावा म्हणून विणलेला असतो. त्याला काचपेटीत कोंडून काय साधते?

अनगोळकरीण

मी केवळ वापरणारी आहे, म्हणून माझा प्रश्न अगदी साधा आहे. माझ्याकडे पारदर्शक निळ्या रंगाचे मोठे डूल होते. पहिल्या काही महिन्यांतच त्यांच्या आत केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटले. पडले नाहीत, आपटले नाहीत. विकणाऱ्या बाईंनी 'माल असाच असतो' म्हणून हात झटकले. असे का झाले असावे?

उद्यमबागचा कारागीर

ताई, तुम्ही डूल घातल्यावर अत्तराचा फवारा मारत होता का? किंवा ते सॅनिटायझरने पुसत होता का? अल्कोहोल हे अ‍ॅक्रिलिकचे वैरी आहे. नुसत्या थेंबाने काही होत नाही, पण पत्र्याच्या अंगात ताण असेल तर अल्कोहोल तिथे शिरून भेगा उघडते. ताण तीन कारणांनी राहतो : माल एक्स्ट्रुडेड असला, लेझरची कड जास्त तापली, किंवा कडेला चमक आणण्यासाठी गॅसची ज्योत फिरवली. ज्योतीने चमक झटकन येते खरी. पण ज्योत फिरवलेल्या कडेला नंतर क्लोरोफॉर्म लावून जोड दिला की पांढऱ्या भेगा पडल्याच म्हणून समजा. चांगला कारागीर जोडकामापूर्वी सगळे तुकडे 80 अंशांच्या आसपास काही तास ठेवून हळूहळू निववतो, म्हणजे ताण निघून जातो. हे न करता विकलेल्या डुलांचा दोष विकणाऱ्याचा आहे, तुमचा नाही.

वापरताना अत्तर आधी, दागिना नंतर. पुसायला साबणाचे कोमट पाणी आणि मऊ सुती कापड पुरे. थिनर, स्पिरिट, नेलपॉलिश काढायचे द्रव यांपासून लांब ठेवा, आणि वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेखाली विसरू नका. साधा रंग उन्हाने सहसा उडत नाही, पिवळाही पडत नाही. मात्र कडेने पेटल्यासारखे दिसणारे ते फ्लुरोसंट हिरवे-केशरी पत्रे उन्हात लवकर फिके होतात. क्लोरोफॉर्मबद्दल घरी काम करणाऱ्या भगिनींना एक सांगतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि स्वयंपाकघरात हे काम कधीही करू नका. ती वाफ यकृताला वाईट असते.

जांबोटीकर

मोड नसलेल्या दागिन्यांची आपल्याकडे रीतच नव्हती, असा सूर वर दिसतो, म्हणून एक आठवण करून देतो. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आणि बोरन्हाणाला आपण हलव्याचे दागिने घालतोच की. काटेरी हलवा एकेक दाणा करून फुलवायचा, काळ्या चंद्रकळेवर शोभेल असा मुकुट, हार, बाजूबंद, वाकी ओवायची, आणि हे सगळे एका संध्याकाळसाठी. साखरेला सराफ काय मोड देणार? तरीही ज्या काकूंचा हात त्यात चांगला असतो त्यांच्याकडे मार्गशीर्षातच मागणी नोंदवावी लागते आणि त्या सांगतील ती किंमत कोणी कुरकुर न करता देते. मालाला किंमत नसताना हाताला किंमत द्यायची सवय आपल्याला आहे. ती फक्त एका सणापुरती ठेवली आहे.

निपाणीकर

जांबोटीकरांचा दाखला चपखल आहे, त्यामुळे मी अर्धे पाऊल मागे घेतो. सराफकाकांचे वजनाचे गणितही मला ठाऊक नव्हते. पण मूळ प्रश्न तसाच आहे. किंमत सांगताना हलव्याच्या दागिन्यांचा हिशेब गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळतो; दाणा किती बारीक, ओवणी किती नीट ते दिसते. तुमच्या हारात मला काय दिसावे, म्हणजे मी पैसे देईन?

मलप्रभा (खानापूर)

काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर वरच्या प्रतिसादांतूनच तयार झाले आहे, मी ते माझ्या टेबलापुरते उतरवून काढते. हार हातात दिला की मी आता गिऱ्हाइकाला आधी पाठ दाखवणार. नंतर कडेवरून बोट फिरवायला सांगणार. नख कुठे अडकले तर घेऊ नका म्हणणार. मग जोड उजेडात धरायला सांगणार, कारण नीट बसलेल्या जोडात हवेचा बुडबुडा नसतो, आणि असला तर पारदर्शक मालात तो लपवता येत नाही. पाकळ्यांचा बाक एकसारखा आहे का हे डोळ्यांना आपसूक कळते, ते शिकवावे लागत नाही. आणि हार गळ्यात घालून आरशासमोर दोन पावले चालायला लावणार. टेबलावर देखणे दिसणारे पदक गळ्यात उलटे फिरत असेल तर त्याचा तोल चुकलेला आहे, मग कारागिरी कितीही असो.

किमतीचा हिशेब आजवर मी एकरकमी सांगत आले. आता चिठ्ठीवर फोडून लिहिणार आहे. समजा एका हाराला पत्रा आणि चांदीची कडी-फासा मिळून 350 रुपये लागले, यंत्रावरची कापणी 150 रुपये झाली, आणि हाताचे काम आठ तासांचे आहे. सुतारकाम किंवा गवंडीकाम करणाऱ्या कुशल माणसाचा आपल्या भागात जो दिवसाचा रोज चालतो, तोच मी त्या आठ तासांना लावते, कमी नाही. नवे रेखाटन असेल तर त्याचे वेगळे, आणि त्याच रेखाटनाचा दुसरा हार काढला तर ते निम्मे. गिऱ्हाइकाने त्यात घासाघीस करायची तर रोजावर करावी आणि माझ्या तोंडावर सांगावे की सुताराच्या हातापेक्षा या हाताला कमी द्यायचे आहे. बहुतेक जण तेवढे म्हणत नाहीत.

मोडीच्या जागी मी दुसरे काहीतरी देऊ शकते, आणि ते म्हणजे दुरुस्ती. प्रत्येक रेखाटन माझ्याकडे क्रमांकासह जपून ठेवलेले असते. तो क्रमांक पदकाच्या मागच्या पाकळीवर बारीक कोरते. एखादी पाकळी तुटली तर तेवढीच कापून, तापवून, बसवून मिळेल. म्हणूनच पाकळ्या मधल्या चकतीला गोंदाने न चिकटवता चांदीच्या छोट्या रिव्हेटने, म्हणजे डोके ठोकून बसवायच्या खिळीने, बसवते, ती काढता येते. सराफकाकांनी सुचवलेला काळा रेशमी गोंडाही करून पाहते; शहापुरात गाठवून देणारे कोणी असतील तर काकांनी कृपया मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे.

शहापूरचा जुना सराफ

निरोप पाठवला आहे. रिव्हेटबद्दल एक सूचना : भोक रिव्हेटच्या दांडीपेक्षा केसभर सैल ठेवा आणि डोके ठोकताना खाली चामड्याचा तुकडा घ्या. चांदी ठोकताना पसरते. अ‍ॅक्रिलिकला पसरता येत नाही, ते तडकते.

निपाणीकर

पाकळी बदलण्याची मजुरी पावतीवर आधीच छापून देणार असाल, तर मुलीसाठी एक करडे कमळ माझ्या नावावर धरा. गोंडा काळाच असू द्या. आणि हो, पाठ मी पाहूनच घेणार.